नाताळच्या सुट्टीत लेकराला घेऊन छत्रपती संभाजीनगरला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर लागला की परभणी, लातूर, नांदेडहून फोन सुरू होतात. नातेवाईक असोत की जुन्या मैत्रिणी, विचारणं एकच असतं: "लेकराला घेऊन येतोय, काय काय दाखवू?" मी या शहरात राहते, माहेर बीड जिल्ह्यातलं. माझ्या लेकीला मी हे शहर पाण्याचा माग काढत दाखवलं आणि सगळ्यांना तेच सांगते. घागरी घेऊन टँकरची वाट बघणारी माणसं मराठवाड्यातल्या लेकरांनी बघितलेली असतात. त्यामुळे "इथं चारशे वर्षांपूर्वी पाणी कसं आणलं असेल?" हा प्रश्न त्यांना समजावून सांगावा लागत नाही. खाली नेहमी येणारे प्रश्न आणि माझी उत्तरं आहेत.

किती दिवस लागतील?

तीन दिवस काढा. एक शहरासाठी, एक दौलताबादसाठी, एक वेरूळसाठी. दौलताबाद 15 किलोमीटरवर आहे आणि वेरूळ 30 किलोमीटरवर, तेही एकाच रस्त्याला. म्हणून बहुतेक जण दोन्ही एका दिवसात उरकतात. मोठ्या माणसांचं भागतं, पण गड चढून आलेलं लेकरू दुपारी कैलास लेण्यासमोर उभं राहतं तेव्हा त्याचे पाय दुखत असतात. मग ते फक्त "आता कधी निघायचं?" एवढंच विचारतं. दोनच दिवस असतील तर दोहोंपैकी एकच ठेवा. आठ वर्षांच्या वरच्या लेकराला गड, त्याहून लहानाला वेरूळ.

कोणत्या वारी काय बंद असतं?

वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद. निघण्याआधी वार नक्की बघा. दर सुट्टीत कोणी ना कोणी मंगळवारी वेरूळच्या फाटकापर्यंत जाऊन परत येतं.

गर्दी कितपत असते?

25 डिसेंबर ते 1 जानेवारी खूप. त्यातच शाळांच्या सहली असतात, वेरूळच्या वाहनतळावर एसटीच्या लाल गाड्यांची रांग लागते. सकाळी फाटक उघडायच्या वेळेला पोचलात तर पहिले दोन तास निवांत मिळतात. मराठी शाळेतल्या लेकरांना नाताळची मोठी सुट्टी नसते. त्यांनी जानेवारीतला एखादा साधा शनिवार-रविवार धरला तरी थंडी तीच आणि माणसं कमी.

सुरुवात कुठून करावी?

पाणचक्कीपासून. लोक ती शेवटी, वेळ उरला तर बघतात. मला ते पटत नाही, कारण हे शहर कसं जगलं ते इथं डोळ्यांना दिसतं.

उत्तरेकडच्या डोंगरातल्या झऱ्याचं पाणी जमिनीखालून मातीच्या नळांनी काही किलोमीटर चालत येतं. इथं आल्यावर ते एका उंच भिंतीत वर चढतं, माथ्यावरून हौदात कोसळतं आणि त्या जोरावर खालचं चाक फिरून जातं फिरतं. सुफी संत बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात 1744 च्या सुमारास तुर्कताज खान या सरदाराने ही सोय केली. इथल्या जात्यावर यात्रेकरूंसाठी आणि फकिरांसाठी धान्य दळलं जाई. हौदाच्या काठावर लेकराला थांबवा आणि सांगा की आपण एका दालनाच्या छतावर उभे आहोत. हौदाचा तळ हेच खालच्या मोठ्या दालनाचं छत आहे. उन्हाळ्यात ते दालन गार राही, कारण डोक्यावर पाणी भरलेलं असे. पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत झऱ्याला पाणी बरं असतं, म्हणून हिवाळ्यातच यायचं.

पण पाणी भिंतीवर चढतं कसं? लेकरू पंप शोधतं.

पंप नाहीच. झरा उंचावर आहे, नळ बंद आहे, म्हणून पाणी ज्या उंचीवरून निघालं त्या उंचीच्या जवळपास परत चढू बघतं. घराचं बांधकाम चालू असलेलं लेकराने पाहिलं असेल तर गवंड्याची पाण्याची पारदर्शक नळी आठवून द्या. तिची दोन टोकं दोन भिंतींना धरली की पाणी दोन्हीकडे सारख्याच उंचीवर थांबतं. इथं तेच मोठ्या प्रमाणावर केलेलं आहे. माझ्या लेकीने हे ऐकल्यावर हौदाच्या कडेला बसून, हाताची बोटं पाण्यात घालून विचारलं, "म्हणजे डोंगरावरचं पाणी अजून वर जायचा प्रयत्न करू लागलंय का?" याहून चांगलं उत्तर मला देता आलं नसतं.

असं जमिनीखालून पाणी आधी कोणी आणलं? शहर कोणी वसवलं?

मलिक अंबरने. ही गोष्ट लेकराला सावकाश सांगा. आफ्रिकेत, आजच्या इथिओपियात जन्मलेला एक मुलगा गुलाम म्हणून विकला गेला, हात बदलत दख्खनमध्ये पोचला आणि पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला. मुघलांना त्याने वर्षानुवर्षं दाद दिली नाही. शहाजीराजे 1624 च्या भातवडीच्या लढाईत त्याच्या बाजूने लढले होते. 1610 मध्ये खडकी या गावाच्या जागी त्याने शहर वसवलं आणि त्यासाठी जमिनीखालून नहर खोदवली. तिलाच नहर-ए-अंबरी म्हणतात. डोंगरातून झिरपणारं पाणी गोळा करून उताराने गावात आणायचं, हे त्याने मनात धरलं आणि करून दाखवलं. खाम नदी बारमाही भरवशाची नव्हती, हे त्याला कळलं होतं.

पुढे त्याच्या मुलाने शहराला फतेहनगर म्हटलं. 1653 मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून परत आला आणि औरंगाबाद हे नाव आलं. 2023 पासून अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर. एवढ्या नावांनी लेकरू गोंधळत नाही. प्रत्येक नावासोबत त्या काळचा माणूस सांगितला की बरोबर लक्षात ठेवतं.

"बावन्न दरवाजे" सगळे बघता येतात का?

म्हणण्यात बावन्न आहेत, आज उभे आहेत ते त्याहून बरेच कमी. दोन-तीन बघा. भडकल दरवाजा सगळ्यांत आधी, कारण तो मलिक अंबरचा, 1612 चा, मुघलांवरच्या विजयाची आठवण म्हणून बांधलेला. पाणचक्कीपासून तो हाकेच्या अंतरावर आहे. मग मकाई दरवाजा आणि दिल्ली दरवाजा. रिक्षातून जाताना कमानी मोजायचं काम लेकराकडे द्या. ते मोबाइल विसरतं.

बीबी का मकबरा म्हणजे ताजमहालची नक्कलच ना?

ही तक्रार ऐकत आलेल्या लेकराला आधी कोणाचा मकबरा ते सांगा. दिलरस बानू बेगम ही औरंगजेबाची पत्नी. ती 1657 मध्ये वारली. तिचा मुलगा आझम शाह याने आईसाठी हा मकबरा उभा केला, असं सांगितलं जातं. ताजमहालात नवऱ्याची आठवण आहे, इथं मुलाची. आई आणि लेकरू मिळून बघत असाल तर एवढं सांगून गप्प बसा, लेकरू इमारतीकडे वेगळ्या नजरेने बघू लागतं.

मग एक काम द्या: संगमरवर कुठे संपतो ते शोध. खालचा कमरेपर्यंतचा पट्टा आणि वरचा घुमट संगमरवरी आहे. मधला भाग आपल्या इथल्याच काळ्या दगडाचा, वरून चुन्याचा पांढरा गिलावा. पैसा मोजून दिलेला होता. एका जुन्या ग्रंथात खर्च 6,68,203 रुपये 7 आणे असा नोंदलेला आहे, आणि सात आणे ऐकून लेकरं हमखास हसतात. प्रवेशद्वारावरच्या लेखात वास्तुविशारद अताउल्लाह आणि अभियंता हंसपत राय अशी दोघांची नावं आहेत. अताउल्लाह हा ताजमहालशी ज्यांचं नाव जोडलं जातं त्या उस्ताद अहमद लाहोरींचा मुलगा. म्हणजे मुलाने आईसाठी बांधायला घेतलं आणि बापाचं काम बघितलेल्या दुसऱ्या मुलाने ते बांधलं. नक्कल म्हणून हिणवावं असं यात मला काही दिसत नाही.

आत कबर खालच्या पातळीवर आहे, आठकोनी संगमरवरी जाळीतून वाकून बघायची. लेकराला उचलून घेऊन वाकू नका, हात धरा. संध्याकाळी चारनंतर जा, ऊन उतरतं आणि पांढरा रंग डोळ्यांना बोचत नाही.

मकबऱ्यामागच्या लेण्या बघण्यासारख्या आहेत का?

आहेत, आणि तिथं फारसं कोणी जात नाही याचं मला वाईट वाटतं. विद्यापीठाच्या मागच्या डोंगरात 12 बौद्ध लेणी आहेत. तिसऱ्या लेण्यात बुद्धापुढे हात जोडून गुडघ्यांवर बसलेली माणसं आहेत, जवळजवळ खऱ्या माणसांएवढी. त्यांच्या केसांच्या ठेवणी आणि दागिने बघत लेकरू बराच वेळ रमतं. सातव्यात अवलोकितेश्वर या बोधिसत्त्वाभोवती आठ संकटं कोरली आहेत: आग, हत्ती, साप, बुडती नाव वगैरे. कोणतं संकट कुठे, हे ओळखायला लावा. मधमाश्यांची पोळी असतात, म्हणून अत्तर मारून जाऊ नका आणि आरडाओरडा करू देऊ नका.

दौलताबादचा गड लेकराला झेपेल का?

आठ-नऊ वर्षांच्या पुढे सहज, सकाळी लवकर चढायला घेतला तर. शेकडो पायऱ्या आहेत, पण वाटेत थांबायला कारणं भरपूर. एकेक टप्पा गोष्टीचा आहे.

हा यादवांचा देवगिरी. बाराव्या शतकाच्या अखेरीस भिल्लमाने इथं राजधानी केली. ज्ञानेश्वरीच्या शेवटी ज्या रामचंद्र राजाचा उल्लेख येतो तो इथलाच रामदेवराव, आणि ज्ञानेश्वर माउली पैठणजवळच्या आपेगावची. 1296 मध्ये अल्लाउद्दीन खिलजी चालून आला. 1327 मध्ये मुहंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथं हलवली आणि दौलताबाद नाव दिलं. पाचवी-सहावीच्या लेकराने हे कुठेतरी वाचलेलं असतं. इथं ते पायांखाली येतं.

आत शिरताच उजव्या-डाव्या बाजूला मांडलेल्या तोफा, पुढे हत्ती हौद, मग चांद मिनार. पंधराव्या शतकातल्या बहमनी सुलतानाने तो उभा केला. चिनी महालात गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान तानाशाह कैदेत होता. मेंढा तोफेच्या मागच्या टोकाला खरोखर मेंढ्याचं डोकं आहे, शिंगांसकट. तोफ फिरवता यावी म्हणून ती खुंट्यावर बसवलेली आहे, ते खाली वाकून दाखवा.

खंदक ओलांडताना थांबा. डोंगराचा खालचा भाग चहूबाजूंनी असा तासला आहे की हाताला पकड मिळू नये. वर जायला एकच वाट, तीही अंधारीतून, म्हणजे कातळातल्या काळोख्या भुयारातून. शत्रू इथं चाचपडत यायचा आणि पहारेकरी वाट बघत असायचे. बॅटरी न्या. वटवाघळांचा वास येतो, लहान लेकरं घाबरतात. घाबरलं तर ओढत नेऊ नका, परत फिरा. खंदकापर्यंतचा गडही भरपूर आहे.

पाण्याचं इथंही विसरू नका. एवढी माणसं आणि जनावरं वेढ्यात जगायची तर पाणी साठवायलाच हवं. म्हणून गडावर जागोजागी हौद आणि टाकी आहेत. खिलजी आला तेव्हा घाईत आत नेलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघालं, अशी कथा सांगतात. तीही सांगा.

वर बारादरीच्या पुढे जनार्दनस्वामींचं स्थान आहे. ते इथले किल्लेदार, आणि पैठणचे एकनाथ लहानपणी त्यांच्याकडे शिकायला आले. हिशेबात एका पैची चूक सापडेना म्हणून छोटा एकनाथ रात्रभर जागला आणि सापडल्यावर आनंदाने टाळी वाजवली, ही आख्यायिका गडावरच सांगायची. गणिताला कंटाळलेल्या लेकरालाही ती आवडते.

गडावर खांबांचं मोठं दालन आहे. लेकरू विचारतं, हे देऊळ की मशीद?

दोन्ही सांगा. खांब जुन्या देवळांचे आहेत, चौदाव्या शतकात त्यांतून मशीद उभी राहिली आणि आज तिथं भारतमातेची मूर्ती आहे. सगळं खरं सांगितलं की लेकरू पुढचा प्रश्न विचारतं. अर्धं सांगितलं की वाद घालायला शिकतं. खांबांवरची कोरीव कामं दाखवा आणि कोणता खांब कोणत्या जोडीचा आहे ते शोधायला लावा.

गडाच्या पायथ्याशी बाबासाहेबांची काही आठवण आहे म्हणतात, ती काय?

आहे, आणि दहा वर्षांच्या लेकराला ती नक्की सांगावी. 1934 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसोबत वेरूळ बघायला निघाले होते. वाटेत गड बघू म्हणून थांबले. प्रवासाच्या धुळीने भरलेले होते, म्हणून गडाच्या दाराबाहेरच्या छोट्या टाक्यावर हातपाय-तोंड धुतलं. तेवढ्यावरून, टाकं बाटवलं म्हणून गर्दी जमली आणि शिवीगाळ झाली. शेवटी गड बघायची परवानगी मिळाली, पण कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, सोबत हत्यारबंद शिपाई देऊन. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलं आहे. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला तेव्हा सात वर्षं झाली होती.

पाणी नुसतं आणून भागत नाही, ते कोणाला पिऊ दिलं हेही बघावं लागतं. ही गोष्ट ऐकल्यावर माझी लेक हातातल्या बाटलीकडे बघत म्हणाली, "पण त्यांना तहान लागली असेल ना?" पुढे 1950 मध्ये याच शहरात बाबासाहेबांच्या संस्थेने मिलिंद महाविद्यालय सुरू केलं. परत येताना नागसेनवनातून गाडी घ्या आणि तिथं उतरा.

वेरूळची सगळी 34 लेणी बघावीत?

मुळीच नाही. लेकरासोबत चार पुरे: 16, 10, 32, आणि पाय चालत असतील तर 12.

16 वं कैलास. आधी आत जाऊ नका. बाजूच्या वाटेने डोंगरावर चढा आणि वरून खाली बघा. कठड्यापासून दूर राहा, लेकराचा हात सोडू नका. वरून दिसतं की हे देऊळ बांधलेलं नाही, डोंगरातून काढलेलं आहे. कारागिरांनी माथ्यापासून सुरुवात केली आणि कोरत खाली आले. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं हे काम. सुमारे 2 लाख टन दगड बाहेर काढला असा अंदाज आहे. खाली उतरल्यावर मागच्या उंच कड्यावर छिन्नीचे उभे ओरखडे दाखवा. आमच्या घरी आजही वेरूळ म्हटलं की लेकीला देव नाही, ते ओरखडे आठवतात. तिने स्वतःचं बोट हवेत तसंच वरून खाली ओढून बघितलं होतं. कारागीर चुकला तर दगड परत चिकटवता येत नाही, हे तिचं तिलाच कळलं.

दक्षिणेकडे रावण कैलास हलवतो आहे ते शिल्प. मंडपाच्या एका भिंतीवर रामायण, दुसऱ्या भिंतीवर महाभारत, ओळींनी. ओळखीचे प्रसंग शोधायला लावा. लेण्याचं तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळे दर्शनी भागावर ऊन दुपारनंतर येतं. फोटो हवा असेल तर तेव्हा, शांतता हवी असेल तर सकाळी.

10 वं विश्वकर्मा. छताला दगडाच्या फासळ्या आहेत, लाकडी तुळयांसारख्या कोरलेल्या. कामाच्या गरजेपोटी त्या नाहीत, आधीच्या लाकडी बांधणीची सवय दगडात उतरली आहे. जैन लेणी, म्हणजे 30 ते 34, थोडी लांब आहेत. तिथपर्यंत गाडीने जा. 32 वं इंद्रसभा त्यांतलं सगळ्यांत देखणं.

वेरूळ गावात घृष्णेश्वराचं दर्शन आणि मालोजीराजे भोसल्यांची गढी. शिवरायांचं आजोळ सिंदखेडचं, पण आजोबांचं गाव हे. घृष्णेश्वराचं आजचं देऊळ अहिल्याबाई होळकरांनी उभारलेलं आहे.

खुलताबादला थांबावं का?

वाटेत आहे, अर्धा तास थांबा. मलिक अंबरची कबर इथं आहे. शहरात त्याची गोष्ट ऐकलेल्या लेकराला ती दाखवाच. औरंगजेबाची कबरही इथंच. भद्रा मारुती मात्र वेगळाच, निजलेला मारुती. शनिवारी गर्दी असते.

अजिंठाही जमवू का?

शहरापासून सुमारे 100 किलोमीटर, जाऊन-येऊन पूर्ण दिवस. लेकरू दहाच्या आत असेल तर पुढच्या वेळी.

पैठण?

पन्नासेक किलोमीटर. नाथांचा वाडा, मागावरची पैठणी आणि जायकवाडीचा नाथसागर. हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी येतात, दुर्बीण असेल तर न्या. गडावर एकनाथांची गोष्ट ऐकलेल्या लेकराला पैठण पुढचा भाग वाटतो.

खायला काय?

हिवाळ्यात हुरडा. शहराबाहेरच्या शेतांवर आगटी पेटलेली असते. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात ज्वारीची कोवळी कणसं भाजतात आणि गरम असतानाच तळहातावर चोळून दाणे काढतात. सोबत शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ. चोळायचं काम लेकराला द्या, हात जरा भाजतात पण ते हट्टाने करतं. मांसाहारी असाल तर या शहराचा नान-खलिया चाखायलाच हवा, तिखट थोडं जपून. दौलताबादच्या रस्त्याला पेरू घ्या.

सामान, कपडे, तिकीट?

पहाटे स्वेटर लागतो, दुपारी ऊन चटका देतं. एकावर एक घालता-काढता येतील असे कपडे आणि टोपी. पाणी सोबत ठेवा, गडावर वरपर्यंत मिळेलच असं नाही. पुरातत्त्व खात्याच्या ठिकाणी 15 वर्षांखालच्या लेकरांना तिकीट नाही. वयाचा पुरावा मोबाइलमध्ये ठेवा. माकडांसमोर खाऊ काढू नका.

मी एकटीच लेकराला घेऊन येतेय. जमेल ना?

जमतं. अशा आया आणि बाप मी नेहमी बघते. लेकराच्या खिशात तुमचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा आणि प्रत्येक ठिकाणी पोचताच "हरवलो तर इथं भेटायचं" अशी एक खूण ठरवा, कैलासात हत्ती, गडावर चांद मिनार. दिवसभरासाठी एकच गाडी ठरवलीत तर सामान गाडीत राहतं आणि दमलेलं लेकरू परतीला झोपू शकतं. अंधार पडायच्या आत शहरात या.

गाईड घ्यावा का?

वेरूळला घ्या, परवानाधारक. आधीच सांगा की लेकराशी बोलायचं आहे, माझ्याशी नाही. चांगला गाईड लगेच खाली बसून बोलू लागतो.

आठवण म्हणून काय न्यावं?

हिमरू. सूत आणि रेशमाचं हे विणकाम या शहराची जुनी ओळख आहे आणि हातमाग चालवणारी घरं आता मोजकी उरली आहेत. दुकानात जाण्याआधी माग बघायला मिळतो का ते विचारा. विणकर बहुतेक वेळा लेकराला शेजारी बसवून धोटा हातात देतात. शाल घेताना उलटी करून बघा. हिमरूच्या मागच्या बाजूला नक्षीचे सुटे धागे मोकळे तरंगतात. भाव थोडा जास्त सांगितला तरी मागावर बसलेल्या माणसाकडूनच घ्या.